कागद कुणाच्या हातात? सैनिकांचे थकलेले पगार आणि शेजचं बंड

मागच्या व्याख्यानात आपण १७८३ च्या पॅरिसच्या तहापाशी थांबलो होतो. इंग्लंडनं अमेरिकेचं स्वातंत्र्य मान्य केलं, सैन्य घरी गेलं, आणि पुढच्या वेळी राज्यघटनेकडे वळू असं मी म्हटलं होतं. पण आजची तयारी करताना लक्षात आलं की ‘सैन्य घरी गेलं’ हे तीन शब्द मी फारच सहज बोलून गेलो. ते घरी गेलं म्हणजे कसं गेलं? जाताना त्याच्या खिशात काय होतं? आज मुख्यतः तेवढंच सांगणार आहे. राज्यघटना येईल, पण या वाटेनं येईल.

तर खिशात होता कागद.

थोडं मागे जाऊ. युद्ध आठ वर्षं चाललं, आणि ते चालवणाऱ्या काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता. हे मी मागेही सांगितलं आहे, पण आजच्या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथं आहे म्हणून पुन्हा सांगतो. काँग्रेसनं तेरा राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यं देतील तेवढ्यावर भागवायचं, अशी व्यवस्था. राज्यं अर्थातच हात आखडता घेत. मग काँग्रेसनं नोटा छापल्या. इतक्या छापल्या की १७८० च्या मार्चमध्ये तिलाच जाहीर करावं लागलं की चाळीस कागदी डॉलर म्हणजे चांदीचा एक डॉलर. प्रत्यक्ष बाजारात तोही भाव मिळत नव्हता. आणि सैनिकाचा पगार याच नोटांत, तोही महिनोन्महिने थकलेला.

१७८३ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या छावणीतल्या बहुतेक सैनिकांना रजा देऊन घरी पाठवलं. तीन महिन्यांच्या पगाराची एक हुंडी, आणि उरलेल्या वर्षांचा हिशेब झाल्यावर मिळणारा एक रोखा. त्या रोख्यावर सहा टक्के व्याज मिळेल असं सरकारचं वचन. वचन कोणत्या सरकारचं? ज्याला कर बसवता येत नाही त्या. कनेक्टिकटच्या पलटणीत पंधराव्या वर्षी भरती झालेला जोसेफ प्लम मार्टिन म्हणून एक पोरगा होता. त्यानं म्हातारपणी, १८३० साली आपल्या आठवणी छापल्या. साध्या शिपायानं लिहिलेलं असं पुस्तक फार दुर्मीळ. त्यात तो सांगतो की घरी निघालेल्या कित्येकांनी हे कागद वाटेतच विकून टाकले. कशासाठी? गावात शिरताना अंगावर बरे कपडे असावेत आणि वाटखर्चाला चार पैसे असावेत म्हणून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्या पानावरच अडकलो होतो. आठ वर्षांच्या युद्धाची कमाई, आणि ती एका सदऱ्या-विजारीसाठी गेली.

विकत घेणारे कोण होते? शहरातले व्यापारी, दलाल, वकील, ज्यांच्याकडे रोकड होती आणि थांबायची तयारी होती ते. शंभराचा रोखा दहा-पंधरा-वीसला मिळायचा. यात बेकायदा काही नव्हतं. विकणारा राजीखुशीनं विकत होता, म्हणजे राजीखुशीनं या शब्दाला जेवढा अर्थ असेल तेवढा. आणि घेणाराही जोखीम घेत होता, हे विसरू नका. १७८४ साली हे सरकार दहा वर्षं टिकेल की नाही हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

आता मॅसॅच्युसेट्सकडे जाऊ. काँग्रेसची देणी वेगळी आणि प्रत्येक राज्याची स्वतःची वेगळी. राज्यांनीही आपापल्या पलटणींना रोखे दिले होते. पण ते फेडायचे कसे, याचं उत्तर प्रत्येक राज्यानं आपापलं काढलं. शेजारच्या ऱ्होड आयलंडनं १७८६ मध्ये सरळ कागदी चलन काढलं आणि ऋणकोंना मोकळं केलं. मॅसॅच्युसेट्सनं उलटं ठरवलं. रोखे भरपूर किमतीला धरायचे, व्याज नाण्यात द्यायचं, आणि त्यासाठी कर वाढवायचे. सगळ्यांचे पैसे फिटणार, ऐकायला किती छान! पण तोवर हे रोखे होते कुणाकडे? लेनर्ड रिचर्ड्स या इतिहासकारानं राज्याच्या कर्जाच्या वह्या तपासल्या. बहुतेक रोखे मूळ सैनिकांकडून निघून बॉस्टन आणि त्याच्या आसपासच्या मोजक्या लोकांकडे जमा झाले होते. गव्हर्नर जेम्स बोडन यांच्याकडेही होते.

म्हणजे गंमत बघा. पेलहॅमसारख्या डोंगरातल्या गावातला शेतकरी. युद्धात लढला, रोखा मिळाला, तो त्यानं पंधरा टक्क्यांना विकला. आता त्याच रोख्याचं व्याज पूर्ण किमतीवर, चांदीत द्यायचं, म्हणून त्याच्यावर कर. स्वतःच्याच पगारासाठी तो स्वतः कर भरतोय, आणि पगार जातोय दुसऱ्याला. वरून करही कसा? मोठा भाग डोईपट्टीचा. माणशी सारखा. बॉस्टनच्या धक्क्यावर चार गोदामं असलेल्याच्या डोक्यालाही तेवढाच आणि इथं दगडाळ जमीन नांगरणाऱ्याच्या डोक्यालाही तेवढाच. घरात सोळा वर्षांवरची मुलं असली की प्रत्येकाचा वेगळा.

आणि चांदी आणायची कुठून? या पश्चिमेकडच्या गावांत व्यवहार बहुतेक उधारीवर आणि अदलाबदलीवर चाले. दुकानदाराच्या वहीत नाव मांडायचं, पीक आल्यावर धान्य घालायचं, नाहीतर चार दिवस त्याच्याकडे राबायचं. युद्धानंतर इंग्रज व्यापाऱ्यांनी बॉस्टनच्या घाऊक व्यापाऱ्यांकडे रोख नाण्यांचा तगादा लावला. शिवाय इंग्लंडनं वेस्ट इंडीजची बंदरं अमेरिकन जहाजांना बंद केली होती, त्यामुळे नाणं मिळवायचा मोठा मार्गच बुडाला. घाऊकवाल्यानं गावच्या दुकानदाराला धरलं, दुकानदारानं शेतकऱ्याला. शेतकऱ्याच्या खाली कुणी नव्हतं. मग दिवाणी कोर्ट, जप्ती, लिलाव. गुरं जायची, जमिनीचा तुकडा जायचा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर माणूस कर्जापायी तुरुंगात.

डॅनिअल शेज हा यांच्यातलाच एक. मूळचा शेतमजूर. बंकर हिलला लढला, साराटोगाला लढला, कॅप्टन झाला. १७८० मध्ये पगार न मिळताच सैन्य सोडून पेलहॅमला परत आला. लाफाएतनं त्याला एक शोभेची तलवार भेट दिली होती, ती त्यानं विकली असं सांगतात. पुढे त्याच्या शत्रूंनी यावरून त्याला फार टोमणे मारले, की बघा, लाफाएतची तलवार विकणारा हा माणूस! घरात एक तलवार असताना दुसरी कशाला, असा त्याचा हिशेब असावा. मला तरी त्यात गैर काही दिसत नाही.

पण एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो. ‘शेजचं बंड’ हे नाव विरोधकांनी दिलेलं आहे. बंडवाले स्वतःला ‘रेग्युलेटर’ म्हणवत, म्हणजे बिघडलेलं सरकार ताळ्यावर आणणारे. आपण एकटे पुढारी नाही असं शेज शेवटपर्यंत सांगत राहिला, आणि ते खरंच होतं. प्रत्येक भागाचा पुढारी वेगळा होता. बोस्टनवाल्यांना मात्र एक नाव हवं होतं. एका माणसाचं बंड म्हटलं की बाकीचे सगळे आपोआप बहकलेले, अडाणी ठरतात.

आणि ते थेट बंदुका घेऊन उठले नाहीत. आधी अर्ज केले. वर्षानुवर्षं केले. गावसभा भरायची, ठराव व्हायचा, बॉस्टनला जायचा आणि तिथं पडून राहायचा. १७८० च्या राज्यघटनेत सिनेटच्या जागा लोकसंख्येवर नव्हे, कोणत्या भागातून किती कर येतो त्यावर वाटलेल्या होत्या. त्यामुळे श्रीमंत भागांचा आवाज मोठा. १७८६ च्या ऑगस्टमध्ये हॅटफील्डला पन्नास गावांचे प्रतिनिधी जमले. त्यांच्या मागण्या वाचल्या तर त्यात वेडेपणा काही नाही. सिनेट रद्द करा, कराची पद्धत बदला, कागदी चलन काढा, विधिमंडळ बॉस्टनहून हलवा. शेवटची मागणी आपल्याला किरकोळ वाटेल, पण पेलहॅमहून बॉस्टन सुमारे १३० किलोमीटर. तेवढा प्रवास करून, तिथं राहायचा खर्च करून प्रतिनिधी पाठवणं गरीब गावांना परवडतच नसे.

या सभेनंतर चारच दिवसांनी, २९ ऑगस्टला, नॉर्थॅम्प्टनमध्ये हजार-दीड हजार माणसं आली आणि त्यांनी दिवाणी कोर्ट भरू दिलं नाही.

आता कोर्टच का बंद केलं? उत्तर सोपं आहे: कोर्ट भरलं नाही तर जप्तीचा हुकूम निघत नाही. पण याहून खोल एक कारण आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. हे त्यांनी आधी केलेलं होतं. ६ सप्टेंबर १७७४ ला, लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटायच्या सात महिने आधी, वूस्टर गावात साडेचार हजारांहून जास्त माणसं आली. त्यांनी ब्रिटिश राजाच्या नावानं चालणारं कोर्ट बंद पाडलं. कोर्टाच्या अधिकाऱ्यांना हातात टोपी घेऊन, दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या लोकांच्या रांगांमधून चालायला लावलं, आणि आपण या सत्तेचं काम करणार नाही असं पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. त्याला आपण क्रांती म्हणतो. बरोबर बारा वर्षांनी, ५ सप्टेंबर १७८६ ला, त्याच वूस्टरमध्ये लोक कोर्टाच्या पायऱ्यांवर संगिनी रोखून उभे राहिले. त्याला आपण बंड म्हणतो.

त्या दिवशी पायऱ्या चढायला आलेले न्यायाधीश कोण होते माहिती आहे? आर्टेमस वॉर्ड. १७७५ मध्ये वॉशिंग्टन यायच्या आधी बॉस्टनला वेढा घालणाऱ्या फौजेचा सेनापती. समोर संगिनी धरलेल्यांपैकी कित्येक जण कधीकाळी त्याच्या हुकुमात असणार. संगिनीची टोकं त्याच्या छातीपर्यंत आली तरी म्हातारा हटला नाही. पायऱ्यांवर उभं राहून त्यानं बराच वेळ त्यांना सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण आत जाऊ दिलं नाही. कोर्टाच्या रक्षणाला मिलिशिया, म्हणजे गावोगावची नागरी सेना, बोलवावी म्हटलं तर ती आलीच नाही.

ग्रेट बॅरिंग्टनमध्ये तर आणखी मजेशीर प्रकार. तिथं मिलिशिया आली, जवळजवळ हजार माणसं. पण ती कुणाच्या बाजूची हेच कुणाला कळेना. शेवटी कुणीतरी सुचवलं की कोर्ट भरावं असं वाटणाऱ्यांनी रस्त्याच्या एका बाजूला व्हावं, भरू नये असं वाटणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूला. सुमारे आठशे जण दुसऱ्या बाजूला गेले. रस्त्यावरचं मतदान म्हणा हवं तर.

बॉस्टननं काय केलं? ऑक्टोबरच्या अखेरीस दंग्यांविरुद्ध कडक कायदा केला. जमाव पांगला नाही आणि शेरीफच्या हातून कुणी मेलं, तर शेरीफवर जबाबदारी नाही. नोव्हेंबरमध्ये हेबिअस कॉर्पस स्थगित, म्हणजे खटल्याशिवाय तुरुंगात ठेवायची मुभा. आणि यात पुढाकार कुणाचा? सॅम्युएल अॅडम्सचा! बॉस्टनच्या चहाच्या वेळचे आपले सॅम्युएल अॅडम्स. त्यांचं म्हणणं असं की राजाविरुद्ध उठणाऱ्याला एखादेवेळी माफी द्यावी, पण प्रजासत्ताकाविरुद्ध उठणाऱ्याला मरणच योग्य. हा निव्वळ ढोंगीपणा असं म्हणून मी सोडून देणार नाही. त्यांचा युक्तिवाद असा: राजा तुम्ही निवडलेला नव्हता, हे सरकार तुम्ही निवडलं आहे, पटत नसेल तर पुढच्या वर्षी पाडा. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर दरवर्षी निवडला जात होता. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

इथं एक बाजूची गोष्ट, कारण ती बहुतेक पुस्तकांत नसते. बॉस्टनमधल्या मुक्त कृष्णवर्णीयांचे पुढारी प्रिन्स हॉल यांनी नोव्हेंबरमध्ये गव्हर्नरना पत्र लिहिलं, की बंड मोडायला आमची माणसं घ्या. गव्हर्नरनी घेतली नाहीत. आणि पश्चिमेकडे मोझेस सॅश नावाचा कृष्णवर्णीय, युद्धातला जुना सैनिक, बंडवाल्यांच्या बाजूनं होता. प्रिन्स हॉल आणि त्यांच्या साथीदारांनी पुढच्याच जानेवारीत विधिमंडळाकडे दुसरा अर्ज केला: आम्हाला आफ्रिकेत परत जायला मदत करा. नोव्हेंबरच्या नकारानंतर हा अर्ज वाचला की त्याला वेगळा रंग चढतो.

असो. मुख्य गोष्टीकडे. मिलिशियावर भरवसा नाही, राज्याच्या तिजोरीत पैसा नाही. काँग्रेसनं सैन्य उभारायचं ठरवलं, पण उघडपणे नाही. ओहायोकडच्या आदिवासींशी युद्ध होईल असं कारण दिलं. राज्यांकडे पैसे मागितले, तर व्हर्जिनिया सोडून कुणी दमडी दिली नाही. मग जनरल बेंजामिन लिंकन बॉस्टनच्या श्रीमंतांच्या एका क्लबात गेले आणि म्हणाले, बाबांनो, उरलेली मालमत्ता राखायची असेल तर त्यातली थोडी उसनी द्या. शंभराहून जास्त लोकांनी वर्गणी दिली. गव्हर्नर बोडननी ४,४०० जणांची फौज बोलावली, प्रत्यक्षात तीनेक हजार निघाले. राज्याची फौज, पण खासगी वर्गणीतून. आणि वर्गणी देणाऱ्यांत रोखे धरून बसलेले बरेच.

स्प्रिंगफील्डला काँग्रेसचं शस्त्रागार होतं. सात हजार बंदुका आणि दारूची १,३०० पिंपं. ती बंडवाल्यांच्या हाती लागली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. तिथं जनरल विल्यम शेपर्ड राज्याची मिलिशिया घेऊन बसले होते. तिथली शस्त्रं वापरायला काँग्रेसची परवानगी हवी होती, ती मिळाली नाही, त्यांनी तशीच वापरली. शेजचा बेत असा की २५ जानेवारी १७८७ ला तो पूर्वेकडून येईल आणि नदीपलीकडून ल्यूक डे आपली माणसं घेऊन येईल. डेनं आदल्या दिवशी निरोप पाठवला: आज-उद्या जमत नाही, २६ ला येतो. तो निरोप वाटेत शेपर्डच्या माणसांना सापडला. शेज एकटाच आला, बर्फातून, दीडेक हजार माणसं घेऊन. टोप्यांत हेमलॉकच्या हिरव्या डहाळ्या खोचलेल्या. ही त्यांची खूण. शेपर्डनी आधी तोफा डोक्यांवरून उडवल्या. माणसं थांबली नाहीत, कदाचित त्यांना वाटलं असेल की आपलेच जुने सोबती आपल्यावर खरोखर गोळा टाकणार नाहीत. मग तोफेत छर्रे भरून थेट रांगेत मारले. चार मेले, वीसेक जखमी झाले. बंडवाल्यांनी बंदूक उडवलीच नाही. ‘खून, खून’ असं ओरडत ते मागे पळाले.

त्यानंतर ३ फेब्रुवारीच्या रात्री लिंकन हिमवादळातून तीस मैल चालून गेले आणि पहाटे पीटर्शॅमला बंडवाल्यांना न्याहारीच्या वेळी गाठलं. दीडशे जण पकडले, शेज व्हरमाँटला निसटला. सीमेवर काही महिने धुमसत राहिलं.

आता शिक्षा. अठरा जणांना फाशी सुनावली. नॉर्थॅम्प्टनला जूनमध्ये दोघांना सगळ्या गावासमोर फासापर्यंत नेलं आणि तिथं स्थगितीचा हुकूम वाचून दाखवला. प्रत्यक्ष फासावर गेले दोघेच, जॉन ब्लाय आणि चार्ल्स रोझ, डिसेंबरमध्ये लेनॉक्सला, तेही घरफोडीच्या गुन्ह्याखाली. बाकी जवळजवळ चार हजार जणांनी शपथेवर माफी मागितली. त्यांना तीन वर्षं मतदान नाही, ज्युरीत बसणं नाही, शाळामास्तरकी नाही आणि खाणावळ चालवणं नाही. शेवटचं का? कारण गावातल्या खाणावळीतच तर सगळी बोलणी चालायची!

आणि आता सॅम्युएल अॅडम्सच्या मुद्द्याकडे. मत नाही पटलं तर निवडणुकीत पाडा. १७८७ च्या एप्रिलमध्ये निवडणूक झाली. हजारो माणसांचं मत काढून घेतलेलं असूनही जॉन हॅनकॉक यांनी बोडन यांना तिपटीहून जास्त मतांनी पाडलं. विधिमंडळातले बहुतेक चेहरे बदलले, करांचा बोजा उतरला, माफ्या मिळाल्या. तर अॅडम्स बरोबर होते का? एका अर्थी हो. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर संगिनी चढल्या नसत्या तर मतदारांना एवढी जाग आली असती का, हेही विचारायला हवं. मला नाही वाटत. आधीची सहा वर्षं अर्ज बॉस्टनला पडूनच होते.

याचा राज्यघटनेशी संबंध काय? इथं जरा सावध राहू. फिलाडेल्फियाच्या सभेचं आमंत्रण १७८६ च्या सप्टेंबरमध्येच, अॅनापोलिसहून निघालं होतं, म्हणजे शेजमुळे सभा झाली असं नाही. पण वातावरण कुणी तापवलं ते बघा. युद्धखात्याचे सचिव हेन्री नॉक्स यांनी २३ ऑक्टोबरला वॉशिंग्टनना पत्र लिहिलं. बंडवाले बारा-पंधरा हजार आहेत, सगळ्यांनी मिळून ही मालमत्ता इंग्रजांपासून वाचवली म्हणून ती सगळ्यांची सामाईक असावी असं त्यांचं म्हणणं आहे, असं त्यात होतं. हॅटफील्डच्या मागण्या मी मघाशी सांगितल्या. त्यात मालमत्ता वाटून घ्यायची मागणी कुठं आहे? पण वॉशिंग्टननी ते खरं मानलं, मॅडिसनना तसं कळवलं. सार्वजनिक जीवनातून निवृत्त झालेला हा माणूस पुढे मे महिन्यात फिलाडेल्फियाला जाऊन बसला. घटनेच्या पहिल्या कलमाचा दहावा भाग काढून वाचा. कुठल्याही राज्यानं कागदी चलन काढू नये, सोन्या-चांदीखेरीज कशालाही कर्जफेडीचं साधन ठरवू नये, करारांची बंधनं सैल करणारा कायदा करू नये. पेलहॅम आणि ऱ्होड आयलंड दोन्हींची वाट एका वाक्यात बंद.

मॅसॅच्युसेट्सनं ही घटना १८७ विरुद्ध १६८ मतांनी, म्हणजे जेमतेम, मान्य केली. विरोधातली मतं मोठ्या प्रमाणात याच पश्चिमेकडच्या गावांची.

आणि कागद? तो अजून फिरतोच आहे. १७९० च्या जानेवारीत अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी जाहीर केलं की राष्ट्राची सगळी देणी, राज्यांचीही, केंद्र सरकार फेडेल, आणि आज ज्याच्या हातात कागद आहे त्याला. ही बातमी बाहेर जाताच न्यूयॉर्कहून दक्षिणेकडे भरधाव जहाजं निघाली, आतल्या गावांतल्या लोकांना कळायच्या आत रोखे विकत घ्यायला. जॉर्जियाचे प्रतिनिधी जेम्स जॅक्सन यांनी सभागृहात यावर चांगलीच आगपाखड केली. मॅडिसननी फेब्रुवारीत उपाय सुचवला: आज धरणाऱ्याला बाजारातला सर्वोच्च भाव द्या आणि उरलेली रक्कम ज्याला मुळात रोखा मिळाला त्या सैनिकाला. मतदान झालं. ३६ विरुद्ध १३. पडला.

हॅमिल्टनचा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. सरकारनं एकेका रोख्याचा पूर्वेतिहास उकरायला सुरुवात केली तर उद्या सरकारचा कागद कोण घेईल? विकणाऱ्यानं विकला तो त्याचा निर्णय. आणि खुद्द मॅडिसननीच १७८३ मध्ये अशा भेदभावाला विरोध केला होता. राष्ट्राची पत हॅमिल्टनच्या योजनेनं उभी राहिली हे खरं आहे. पण त्या पतीची किंमत कुणी मोजली हे विचारलं की मला मार्टिनचा तो सदरा आठवतो.

वेळ होत आला आहे. एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: जेफरसन यांनी या बंडाची बाजू घेतली होती ना?

बाजू घेतली असं नाही म्हणता येणार. ते तेव्हा पॅरिसला होते, तोफेच्या पल्ल्याबाहेर! लंडनहून अॅबिगेल अॅडम्सनी त्यांना पत्र लिहिलं, की हे सगळे अडाणी, विधिनिषेध नसलेले गुंड आहेत. जेफरसननी उत्तर दिलं की मधूनमधून थोडं बंड झालेलं मला आवडतं, हवेत वादळ यावं तसं. अॅबिगेलबाईंबद्दल मला आदर आहे, पण एक सांगायला हवं. नवरा युरोपात वकिली करत असताना घरचा पैसा त्या सांभाळत, आणि त्यांनी तो सरकारी रोख्यांत गुंतवला होता, स्वस्तात घेऊन. नवऱ्याचं मत जमीन घ्यावी असं होतं. बाईंचा हिशेब पक्का निघाला.

प्रश्न: सर, पुढे शेजचं आणि त्या मार्टिनचं काय झालं?

शेजला १७८८ मध्ये माफी मिळाली. नंतर तो न्यूयॉर्क राज्यात गेला, स्पार्टा नावाच्या गावी, आणि १८२५ मध्ये तिथंच वारला, गरिबीतच. मार्टिन मेन भागात जाऊन शेती करू लागला. त्यानं ज्या जमिनीवर घर बांधलं, ती आपलीच म्हणून एका बड्या जमीनदारानं दावा लावला. तो जमीनदार म्हणजे हेन्री नॉक्स, वॉशिंग्टनना पत्र लिहिणारे तेच. १८०१ मध्ये मार्टिननं नॉक्सना विनंतीअर्ज केला, मला ही जमीन राखू द्या म्हणून. १८१८ पर्यंत त्याच्याकडे जमीन उरली नव्हती. त्या साली काँग्रेसनं गरजू जुन्या सैनिकांना निवृत्तिवेतन द्यायचा कायदा केला. दोघांनीही अर्ज केले, कायद्याप्रमाणे आपल्याकडे काय काय नाही ते लिहून दिलं, आणि दोघांनाही ते मिळालं. शेजलाही, बरं का, ज्या सरकारानं पगार बुडवला त्याच्याकडून, चाळीस वर्षांनी.

इथं थांबू. पुढच्या वेळी पेनसिल्व्हेनियात जाऊ, १७९४, व्हिस्कीवरचा कर. तिथंही वॉशिंग्टन भेटतील, पण या वेळी घोड्यावर, फौज घेऊन.